दोनदा दिलेलं पाणी

खात्याखात्यांतून तिला सगळे पाठपुरावाबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', आणि ती जिना उतरून दिसेनाशी झाली की पूर्ण नाव. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. अडीच वर्षं तीन खात्यांच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बाईला लोक आणखी काय म्हणणार?

पायऱ्या झिजवल्या त्या एका आदेशासाठी. भाताच्या शेतात हंगामभर पाणी तुंबवून ठेवायचं नाही, एवढंच त्यात म्हणायचं होतं. एकदा शेत भरायचं, मग आटू द्यायचं. जमिनीत भोकं पाडलेली नळी खोचलेली असते, तिच्यात पाणी वीतभर खाली गेलेलं दिसलं की पुन्हा भरायचं. तुंबलेल्या पाण्याखाली चिखल कुजत राहतो, त्यातून बुडबुडे निघतात, आणि तो वायू वर जाऊन हवा तापवतो. मधेमधे आटू दिलं की वायू कमी होतो, पीक तेवढंच येतं आणि वर पाणी वाचतं. बांधावर उभं राहून सांगितलं तर ही गोष्ट पाच मिनिटांत समजते. सरकारात तिला अडीच वर्षं लागली, कारण शेत कृषी खात्याचं, कालवा पाटबंधाऱ्याचा, आणि कालवा ज्या धरणातून निघतो त्याच्या पायथ्याचं वीजघर तिसऱ्याच खात्याचं. शेतकऱ्याने पाणी आटवायचं मनात आणलं तरी पुढचं पाणी त्याच्या शेतावर वेळेत यायला हवं. ते यायचं तर कालव्याचं वेळापत्रक बदलायला हवं, आणि वेळापत्रक बदलायचं तर वीज खात्याची हरकत नको. तिन्ही खाती म्हणत, कल्पना उत्तम आहे, आधी त्या दोघांना विचारा. पहिली सही कुणी करायची, तिथेच घोडं पेंड खात होतं.

बाईने त्यावर एक तोड काढली होती. ज्या खात्याच्या दारात जायचं, त्या खात्याच्या कामाचं बोलायचं. कृषी खात्यात ती हवेचं नावही काढत नसे, पिकाच्या उताऱ्याचं बोले. पाटबंधाऱ्यात फक्त पाणी, वीज खात्यात फक्त उन्हाळ्यातली टंचाई. प्रत्येक खात्यासाठी वेगळं टिपण, आणि प्रत्येक टिपणात त्या खात्याला काय मिळणार ते ठसठशीत. तिची ही हातोटी इतकी नावाजली होती की दुसऱ्या संस्थांची पोरं-पोरी तिच्याकडे शिकायला येत.

आज साडेअकराला तिन्ही खाती पहिल्यांदाच एका टेबलाशी बसणार होती. नियोजन खात्याच्या सचिवांनी चाळीस मिनिटं दिली होती. सह्या झाल्या तर आदेश आजच निघणार, कारण हंगामाचं कालव्याचं वेळापत्रक संध्याकाळी पाचला पक्कं होऊन छापायला जायचं होतं. पाचनंतर वर्षभर त्यात काना-मात्रा बदलत नाही.

सव्वानऊला ती संस्थेच्या दोन खोल्यांतून निघतच होती, तेवढ्यात आतून आकडेमास्तरांनी हाक मारली. हे गृहस्थ तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. संस्थेचे सगळे आकडे त्यांच्याकडे.

"बाई, जरा इकडे या."

"आता नको मास्तर, टॅक्सी खाली उभी आहे."

"उभी राहू द्या. या."

मास्तर बैठकीसाठी तिन्ही टिपणं एका फाईलीत लावत होते. अडीच वर्षांत तिन्ही टिपणं एकत्र अशी कधी आलीच नव्हती, एकेक करून गेली होती. त्यांनी दोन पानं शेजारी शेजारी ठेवली होती आणि दोन्हींवर एकेक बोट. पाटबंधाऱ्याच्या टिपणात सहाव्या पानावर लिहिलं होतं की, वाचणारं बावीस दशलक्ष घनमीटर पाणी त्याच हंगामात कालव्याच्या टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाच्या, चौदा गावांना मिळेल. वीज खात्याच्या टिपणात चौथ्या पानावर लिहिलं होतं की, वाचणारं बावीस दशलक्ष घनमीटर पाणी धरणातच राहील आणि भर उन्हाळ्यात वीजघराला मिळेल.

"एकूण वाचतं किती?" मास्तरांनी फळ्याजवळून विचारावं तसं विचारलं.

"बावीस."

"आणि वाटलं किती?"

तिने दोन्ही पानं जवळ ओढली. दोन्ही वाक्यं तिचीच होती. दुसरं वाक्य कधी लिहिलं तेही आठवलं. आठ महिन्यांपूर्वी वीज खात्यातले साहेब फाईल मिटतच होते, आमचा यात काय फायदा म्हणत होते, आणि ती म्हणाली होती, साहेब, पाणी वाचलं तर धरणातच राहणार ना? त्यांनी फाईल पुन्हा उघडली होती. त्या दिवशी ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली होती. वाचलेलं पाणी म्हटलं की कसं, ते सगळ्यांचं असल्यासारखं वाटतं. तिलाही वाटलं होतं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, आदेशाच्या मसुद्यात आकडा नाहीच. तिथे फक्त एवढं आहे की वाचलेल्या पाण्याचा विनियोग संबंधित विभागांनी समन्वयाने करावा. टिपणं कोण वाचतो? सह्या होऊ द्या. भांडायचंच तर पुढल्या वर्षी आपसात भांडतील. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या ताई पत्र घेऊन येणार आहेत ना आज?"

खरी मेख तिथेच होती. कालव्यावर जुना नियम असा की प्रत्येक पाळीचं पहिलं पाणी टेलच्या गावांना. वरच्या गावांनी आधी घेतलं तर खाली काही पोचत नाही, म्हणून मागच्या पिढीने भांडून, कालव्यात उभं राहून मिळवलेला तो नियम. नव्या पद्धतीत चाऱ्यांना, म्हणजे कालव्याच्या फाट्यांना, आळीपाळीने पाणी द्यायचं, त्यात तो आडवा येत होता. पाटबंधाऱ्याने अट घातली होती: टेलच्या गावांनी पहिल्या पाळीचा हक्क लेखी सोडला पाहिजे. चौदा गावांच्या पाणीवापर संस्थांची अध्यक्ष होती बाईची सख्खी थोरली बहीण. गावोगाव बैठका घेऊन, शिव्या खाऊन, तिने ते पत्र मिळवलं होतं. कशाच्या भरवशावर? तर धाकटी म्हणते म्हणून. वाचलेलं बावीस आपल्यालाच येणार म्हणून.

आता हक्क सोडल्याचं पत्र आदेशाला जोडलं गेलं आणि ऐन फुलोऱ्यात वीज खात्याने आपलं टिपण काढून धरणाचं दार धरून ठेवलं, तर टेलच्या गावांच्या हातात काय राहणार होतं? 'समन्वयाने' हा एक शब्द.

टॅक्सीत तिने तीनदा फोन काढला आणि तीनदा पिशवीत ठेवला. थोरलीला आत्ता सांगावं तर ती बसमधूनच परत फिरेल, ह्याबद्दल तिला शंका नव्हती. सचिवांना सांगावं तर बैठकच होणार नाही. आणि गप्प राहावं तर? गप्प राहिलं तर आदेश निघतो. तीनशेच्या वर गावांत पाणी आटवायची पद्धत एका सहीने सुरू होते. एवढं मोठं काम तिच्या हातून पुन्हा होणार नव्हतं. पुढच्या वर्षी सचिव बदलतील, वीज खात्यातले साहेब तर बदललेच होते. पुन्हा पहिल्या पायरीपासून.

नियोजन भवनाच्या तिसऱ्या मजल्यावर थोरली बाकावर बसून पाण्याची बाटली रिकामी करत होती. गुडघे चोळत होती.

"लिफ्ट बंद म्हणाले. तुमचं सरकार मला वर चढवायला तयार नाही आणि म्हणे पाणी टेलपर्यंत पोचवणार."

"तू खालून फोन करायचास ना ताई."

"फोन कशाला? तू काय मला कडेवर घेणार होतीस?" थोरलीने तिच्याकडे नीट पाहिलं. "चेहरा का असा? झोप नाही झाली? तुझे भावजी म्हणाले, आज तुझी बहीण मंत्र्यासारखी चालेल, बघ. आणि तू तर परीक्षेला निघाल्यासारखी."

भावजी म्हणजे थोरलीचा नवरा. नव्या पद्धतीची सगळ्यात जास्त थट्टा त्यानेच केली होती आणि पहिली नळीही आपल्याच शेतात त्यानेच खोचली होती. बाई कशीबशी हसली. थोरलीने प्लॅस्टिकच्या वेष्टनातलं पत्र काढून दाखवलं. चौदा शिक्के, बारा सह्या, दोन ठिकाणी अंगठे. सांगू लागली, खालच्या गावचा म्हातारा पाटकरी, पाटाचं पाणी सोडणारा, शेवटपर्यंत अडून बसला होता. आमच्या बापाने ह्या पाळीसाठी तुरुंग पाहिला, आणि तू ती कागदावर सोडतेस, असं म्हणाला. मग मी त्याला सांगितलं, माझ्या धाकटीचा शब्द आहे. तेव्हा कुठे अंगठा उठला.

"ताई," ती म्हणाली, "मला तुला एक..."

दार उघडलं आणि शिपायाने सगळ्यांना आत बोलावलं.

थोरली उठली. तिने विचारलं नाही, काय सांगत होतीस म्हणून. बाईही पुन्हा बोलली नाही. दोन पावलांचं अंतर होतं दारापर्यंत, थांबता आलं असतं. ती थांबली नाही.

लांब टेबल, वर दोन पंखे, त्यातला एक करकरत होता. टोकाला नियोजन सचिव. त्यांनी घड्याळ मनगटावरून काढून समोर ठेवलं. डाव्या बाजूला कृषी संचालक, गोलमटोल आणि बोलघेवडे. समोर पाटबंधाऱ्याचे मुख्य अभियंता. ह्या साहेबांची एक सवय साऱ्या खात्याला माहीत होती. कुठलाही कागद ते ओळीखाली पट्टी धरून वाचत आणि ओळ संपल्याशिवाय पट्टी खाली सरकत नसे. त्यांच्या शेजारी वीज खात्याच्या उपसचिव, तिशी-पस्तिशीतल्या, नव्यानेच आलेल्या. समोर पातळशी फाईल. त्या फाईलीत चौथं पान आहे, एवढंच बाईला दिसत होतं.

संचालकांनी सुरुवात केली आणि दहा मिनिटं खाल्ली. आमच्या खात्यात पाऊससुद्धा टिपणी लिहून, सही घेऊन पडतो, असं म्हणून स्वतःच हसले. मग मुद्द्यावर येऊन म्हणाले, आम्ही सही करायला तयार आहोत. सचिवांनी उजवीकडे पाहिलं.

उपसचिवबाईंनी फाईल उघडली. "आमचीही हरकत नाही. फक्त उन्हाळी साठ्याचं आदेशात स्पष्ट दिसत नाही."

बाईच्या हातातलं पेन थांबलं.

"'समन्वयाने' आहे ना त्यात," सचिव म्हणाले.

"हो. आणि बाईंनी आम्हाला टिपणात लिहून दिलंच आहे. तेवढं पुरे."

मुख्य अभियंत्यांची पट्टी एका ओळीखाली थबकली. त्यांनी मान वर केली. "काय लिहून दिलंय?"

पंखा करकरत राहिला. बाईला वाटलं, संपलं. आपल्याला आता काही करायचंच उरलं नाही, हे साहेबच सगळं ओढून काढतील. एका बाजूने तिला बरंही वाटलं. पण सचिवांनी घड्याळावर बोट ठेवलं आणि म्हणाले की खात्याखात्यांत काय पत्रव्यवहार झाला तो तुम्ही दोघं नंतर बघा, मला अठरा मिनिटांनी दुसरीकडे जायचं आहे. अभियंत्यांनी खांदे उडवले. पट्टी खाली सरकली.

म्हणजे सुटली होती ती. आयती. कुणी विचारणार नव्हतं.

अभियंत्यांनी शेवटची ओळ वाचली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "माझी तयारी आहे. पण आधी टेलचं पत्र माझ्या हातात पाहिजे. त्याशिवाय मी पेन टेकवणार नाही."

थोरली उठली. पिशवीतून वेष्टन काढलं, वेष्टनातून पत्र. घडी नीट केली. एवढ्या मोठ्या साहेबांना चुरगळलेला कागद कसा द्यायचा, म्हणून तळव्याने दोनदा दाबलं. मग हात पुढे केला. टेबल रुंद होतं. पत्र अभियंत्यांच्या बोटांपासून वीतभर लांब राहिलं, आणि ते घ्यायला ते खुर्चीतून अर्धे उठले.

"ताई, देऊ नको ते पत्र."

आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. थोरलीचा हात तसाच राहिला.

"बाई?" संचालक म्हणाले.

ती उभी राहिली आणि बोलली. फार शब्द लागले नाहीत. बावीस वाचणार आहेत, ते आम्ही टेलच्या गावांना कबूल केलेत आणि तेच बावीस वीजघरालाही कबूल केलेत. हे बघा सहावं पान, हे बघा चौथं. चूक माझी आहे, दोन्ही वाक्यं मी लिहिली. टेलने हक्क सोडला आणि पाणी धरणात राहिलं तर त्या गावांना ह्या हंगामात काहीच मिळणार नाही.

अभियंत्यांनी दोन्ही पानं ओढून त्या ओळींखाली पट्टी धरली. मग संचालकांचा बांध फुटला. म्हणाले, दोन वर्षं तुम्ही आमच्या डोक्यावर मिरे वाटलेत, मी मंत्र्यांसमोर तुमची बाजू घेतली, आणि आज, आज तुम्ही हे सांगताय? सचिवांनी त्यांना हाताने थांबवलं. त्यांनी रागावलेला चेहराही केला नाही. घड्याळ उचलून मनगटावर बांधलं, आणि तेच बाईला जास्त लागलं. ते म्हणाले, संयुक्त आदेश आता ह्या हंगामात होत नाही.

मुख्य अभियंत्यांनी मात्र एक प्रश्न विचारला. "हे तुम्हाला कळलं कधी?"

आत्ताच, इथे बसल्यावर, असं म्हणता आलं असतं. शेजारी बहीण उभी होती.

"आज सकाळी. सव्वानऊला."

थोरलीने पत्र मागे घेतलं. घडी केली, वेष्टनात घातलं, वेष्टन पिशवीत. तिने बाईकडे पाहिलं नाही. पण सव्वानऊ ते साडेअकरा ह्यात बाकावरची ती दहा मिनिटं कुठे बसतात हे तिला कुणी सांगायला नको होतं.

माणसं उठली. उपसचिवबाई जाताना बाईच्या खुर्चीशी थांबल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मॅडम, तुम्ही बोलला नसतात तर मी सही केली असती. मग एप्रिलमध्ये त्या गावांचं पाणी मी अडवलं असतं, आणि कागदोपत्री मीच बरोबर ठरले असते." त्यांनी फाईल काखेत मारली. "पुढच्या खेपेला आलात तर तिघांनाही एकच टिपण द्या. भांडण आधीच होऊ दे."

खोलीत तिघंच उरली. अभियंता खिडकीशी उभे राहून खाली बघत होते. कालव्याच्या माणसाला खिडकीतूनही वरून खाली उतार दिसतो, असं त्यांच्या खात्यात म्हणत. बाईला वाटलं, आता हे आपली हजेरी घेणार. ते थोरलीशी बोलले.

"माझ्या एकट्याच्या सहीत एक चारी बसते. प्रायोगिक म्हणून, एका हंगामापुरती. त्याला वीज खात्याला विचारावं लागत नाही, पाणी थोडं असतं. तुमची चारी घेता येईल. वेळापत्रक पाचपर्यंत माझ्या टेबलावर आहे. पण मला तुमच्याकडून लेखी लागेल, काय कबूल, काय नाही." मग बाईकडे न बघता, "आणि ते मी तुमच्याकडूनच घेईन. मधल्या माणसाकडून नाही."

ते गेले. थोरली पुन्हा बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. बाई तिच्याशेजारी बसायला गेली, तर थोरलीने पिशवी मधे ठेवली.

"तिन्ही कागद दे."

"ताई, मी सांगते ना तुला, त्यात..."

"तू सांगू नकोस. दे."

थोरलीने चष्मा लावला आणि पहिल्या टिपणाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एक वाजला. दोन वाजले. बाईने चहा आणला, तो गार झाला. थोरली मधेच एखाद्या शब्दावर बोट ठेवी, बाई अर्थ सांगे, थोरली मान हलवून पुढे जाई. दुसरं काही बोलणं नाही. तिसऱ्या टिपणाच्या चौथ्या पानावर ती बराच वेळ थांबली. पुन्हा सहावं पान काढलं, पुन्हा चौथं.

"सुरेख लिहिलंयस," ती म्हणाली. "दोन्हीकडे."

बाईने मान खाली घातली. तिला शिवी चालली असती.

तीननंतर थोरलीने फोन लावायला सुरुवात केली. चौदांपैकी तिच्या चारीवर चारच गावं होती. बाकीच्या दहांना तिने आधी सांगितलं की तुमचा हक्क शाबूत आहे, पत्र माझ्या पिशवीत आहे, उद्या फाडून टाकते. मग चारांना विचारलं. बाईला एकच बाजू ऐकू येत होती. "नाही, पहिली पाळी नाही सोडायची आता... हो, तिनेच सांगितलं, भर बैठकीत... उशिरा सांगितलं. पण सांगितलं." म्हातारा पाटकरी फोनवर खूप वेळ ओरडत होता. थोरलीने फोन कानापासून लांब धरला आणि तो संपेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाली, "काका, नळ्या तर तुमच्या शेतात उभ्याच आहेत. पाणी आटवून बघायचं का नाही, एवढंच विचारतेय. हक्काला हात लावत नाही मी." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

थोरली उठली. बाईही उठली.

"तू बस," थोरली म्हणाली. "इथेच बस."

पाटबंधाऱ्याचं दालन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. दार लागलं. बाई बाकावर बसून राहिली. अडीच वर्षांत ती अशी कधी दाराबाहेर बसली नव्हती, म्हणजे पुष्कळदा बसली होती, पण आत तिचंच बोलणं व्हायचं असे. आत्ता आत तिचं काहीच नव्हतं. एकदा अभियंत्यांचा आवाज चढला. एकदा थोरलीचा. मग बराच वेळ काही नाही. वेळापत्रक न्यायला आलेला छापखान्याचा माणूस तिच्याशेजारी येऊन टेकला आणि सारखं घड्याळ बघू लागला. साडेचार. पावणेपाच. त्या माणसाने दारावर टकटक केली, आतून 'थांबा' आलं. तीनशे गावांच्या सहीसाठी तिला एवढी धडधड झाली नव्हती.

पाचला सात मिनिटं कमी असताना दार उघडलं. छापखान्याचा माणूस आत धावला. थोरली बाहेर आली, हातात एक कागद.

"एक चारी," ती म्हणाली. "आठ दिवसांची पाळी, नळी बघून. पहिलं पाणी आमचंच, ते सोडलेलं नाही. जे वाचेल ते त्याच चारीत खाली सोडायचं, धरणात ठेवायचं नाही. त्यांच्या हाताने लिहून घेतलं, सहीशिक्क्यासकट. एक वाक्य तीनदा बदलायला लावलं. म्हणाले, बाई, तुम्ही आमच्या खात्यात हव्या होतात."

धाकटीला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. तिने कागद वाचला. सरळ, कोरडा, पाच ओळींचा. तिच्या अडीच वर्षांतलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

"पाणी मोजायला कुणीतरी लागेल," ती म्हणाली. "दर पाळीला. मी येऊ?"

"यावंच लागेल. त्यांनी तसं लिहिलंय, मोजणी तुमच्या संस्थेने करायची. आकडे दर पाळीला फळ्यावर लावायचे, वरच्या गावांना आणि आम्हाला एकदमच दिसले पाहिजेत." थोरलीने कागद परत घेऊन वेष्टनात घातला. "पण माझ्याकडे उतरू नकोस ह्या वेळी. पाणीसंस्थेची खोली आहे, तिथे राहा."

"ताई..."

"माझा शब्द म्हणून लोकांनी अंगठे दिले होते. ते घरी येतात, ओट्यावर बसतात. तू आत ताट घेऊन बसलीस तर त्यांना काय दिसेल?" तिने वेष्टन पिशवीत ठेवलं. "आणि माझं मलाही अजून कळत नाहीये. कळलं की सांगेन."

बाईने पिशवी घ्यायला हात पुढे केला. थोरलीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि जिना उतरू लागली. लिफ्ट अजून बंदच होती. पहिल्या वळणावर ती कठड्याला धरून उभी राहिली. धाकटीसाठी थांबली असं नाही, गुडघ्यात कळ आली होती. धाकटी दोन पायऱ्या वर थांबली. खाली दारातून संध्याकाळच्या गाड्यांचे आवाज येत होते. कळ ओसरेपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिल्या.